स्वस्त चालेल, सैल नको

स्कीइंगच्या पहिल्या सहलीचा खर्च मांडायला बसलं की हेल्मेटचा आकडा बहुधा सगळ्यात शेवटी येतो. तिकीट, हॉटेल, डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्टचा पास, जॅकेट, हातमोजे, गॉगल हे सगळं आधी होतं आणि मग उरलेल्या पैशांत हेल्मेट बसवायची खटपट सुरू होते. गुलमर्गला आठ-दहा दिवसांच्या कोर्सला निघालेली मंडळी असोत, नाहीतर नोकरीनिमित्त म्युनिकला किंवा डेन्व्हरला राहून सुट्टीच्या दिवशी डोंगर गाठणारी असोत, दुकानात उभं राहिल्यावर प्रश्न एकच पडतो. तीनशे डॉलरच्या हेल्मेटशेजारी सत्तर डॉलरचं हेल्मेट ठेवलंय. ते उचललं तर आपण डोक्याच्या बाबतीत तडजोड करतोय का?

रिसॉर्टच्या आखलेल्या, यंत्र फिरवून सारख्या केलेल्या उतारांवर स्की करणाऱ्यासाठी माझं उत्तर ठाम ‘नाही’ आहे. मात्र अट अशी, की ते सत्तर डॉलरचं हेल्मेट तुमच्या डोक्याला नीट बसलं पाहिजे. महागडं हेल्मेट डोक्यावर हलत असेल, तर घट्ट बसलेलं स्वस्त हेल्मेट त्याच्यापेक्षा केव्हाही चांगलं. याचं कारण हेल्मेटच्या आत काय असतं आणि त्याची चाचणी कशी होते, हे पाहिलं की कळतं.

आत असतो थर्माकोल. गणपतीच्या मखरासाठी ज्याची पांढरी पानं वर्षानुवर्षं कापली गेली, तोच पदार्थ, म्हणजे एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन. फरक घनतेचा. मखराचा थर्माकोल अंगठ्याने दाबला की खड्डा पडतो आणि मोडला की मणी सुटतात. हेल्मेटमधला कित्येक पट घट्ट असतो, नखाने खरवडलं तरच ओरखडा उठतो. जाडी साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर. डोकं आपटतं तेव्हा या थरातले हवेने भरलेले बारीक कप्पे चिरडतात आणि चिरडताना धक्का गिळतात. वरचं प्लास्टिकचं कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि मार थोड्या मोठ्या जागेवर पसरवतं, पण खरं काम त्या दोन सेंटीमीटरचं.

आता चाचणी. युरोपात ‘ईएन १०७७’ हे मानक चालतं. सेन्सर बसवलेल्या धातूच्या डोक्यावर हेल्मेट चढवून ते दीड मीटर उंचीवरून सपाट पोलादी ऐरणीवर सोडतात. खाली पोचेपर्यंत वेग होतो सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. आपटताना आतल्या डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींहून जास्त झटका बसला, तर हेल्मेट नापास. थंडीने फोम आणि प्लास्टिक कडक होतं, म्हणून ही परीक्षा गोठवलेल्या नमुन्यावरही घेतात. अमेरिकेचं ‘एएसटीएम एफ २०४०’ हे मानक दोन मीटरवरून टाकतं आणि मर्यादा ३०० पटींची ठेवतं. शिवाय ते कडा असलेल्या आणि गोल ऐरणींवरही, थोड्या कमी उंचीवरून, हेल्मेट आपटून बघतं.

दीड मीटर पडून आलेलं डोकं २५० पटींच्या आत थांबवायचं, तर कागदावर किमान सहा मिलिमीटर जागा लागते: दीड मीटर भागिले अडीचशे. प्रत्यक्षात झटका सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा नसतो, त्यामुळे याच्या दुपटीहून जास्त जागा धरावी लागते. फोम पूर्ण चपटाही होत नाही, शेवटचा काही भाग दगडासारखा घट्ट होऊन बसतो. म्हणून दोन-अडीच सेंटीमीटर. ही जाडी सत्तर डॉलरच्या आणि तीनशे डॉलरच्या हेल्मेटात जवळजवळ सारखी असते, कारण दोघांना परीक्षा एकच द्यायची असते. जास्तीचे पैसे बहुतांशी वजन घटवण्यात, उघडझाप होणाऱ्या झरोक्यांत, मऊ अस्तरात, चुंबकाच्या बकलात आणि देखणेपणात जातात. या गोष्टी दिवसभर डोक्यावर वागवताना सुखाच्या आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. फक्त सुख आणि संरक्षण यांचा हिशेब वेगवेगळा करावा.

याच आकड्यांतून हेल्मेटची मर्यादाही दिसते. निळ्या-लाल, म्हणजे सोप्या ते मध्यम, उतारावर रुळलेला स्कीअर ताशी चाळीस किलोमीटरने सहज जातो. चाचणीच्या वेगाच्या दुप्पट वेग म्हणजे ऊर्जा चौपट. त्या वेगाने झाडावर किंवा लिफ्टच्या खांबावर सरळ डोकं आपटलं, तर बाजारातलं कुठलंही हेल्मेट, कितीही किमतीचं, पुरं पडेल असं सांगता येणार नाही. फॉर्म्युला वनचा विजेता मायकल शूमाखर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समध्ये मेरिबेलला, आखलेल्या उताराच्या बाहेर, बर्फातून वर आलेल्या खडकावर पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. उलट नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री मार्च २००९ मध्ये कॅनडातल्या माँ-त्रांब्लांच्या नवशिक्यांच्या उतारावर, संथ वेगात पडली. हेल्मेट नव्हतं. पडल्यावर ती बोलत होती, ठीक वाटत होती. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्तस्राव होत राहिला आणि दोन दिवसांत ती गेली. हेल्मेट बनलंय ते या दुसऱ्या प्रकारच्या पडण्यासाठी: उभ्याउभ्या तोल जाऊन टणक बर्फावर डोकं आपटणं, लिफ्टचा दांडा डोक्यावर येणं, मागून आलेल्याच्या स्कीचा कोपरा लागणं. रिसॉर्टवर डोकी आपटतात ती बरीचशी अशीच. २०१० मध्ये कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. हेल्मेट घालणाऱ्यांत डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी कमी, असा त्याचा निष्कर्ष होता.

सपाट ऐरणीवर सरळ आपटणं ही चाचणीची सोय झाली. माणूस पडतो तो तिरका. पुढे जात असतो, बर्फावर डोकं टेकतं, कवच क्षणभर अडतं आणि डोक्याला पीळ बसतो. कवटी फिरते, आतला मेंदू मागे राहतो, आणि मेंदू हलून होणाऱ्या दुखापतीत या पिळाचा मोठा वाटा असतो. स्टॉकहोममधले न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हालदिन यांनी नव्वदच्या दशकात यावर काम सुरू केलं. त्यातून ‘मिप्स’ आलं: फोम आणि अस्तराच्या मध्ये प्लास्टिकची एक पातळ, गुळगुळीत जाळी, रबरी टाचण्यांनी धरलेली, जी धक्क्याच्या वेळी दहा ते पंधरा मिलिमीटर कुठल्याही दिशेला सरकते. हेल्मेटमध्ये हात घालून अस्तर किंचित पिरगाळलं तर ते सरकणं बोटांना कळतं. पिवळा ठिपका ही त्याची खूण.

आधी मिप्स महागड्या हेल्मेटातच मिळायचं, आता खालच्या पायरीवरही मिळतं. एकाच मॉडेलच्या मिप्स आणि बिनमिप्स अशा दोन आवृत्त्या असल्या की फरक साधारण वीस-तीस डॉलरचा असतो. हातात थोडे जास्तीचे पैसे असतील तर ते इथे घालावेत, झरोक्यांच्या खटक्यांवर नाही. आणखी खोलात जायचं असेल तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची हेल्मेट लॅब तिरक्या धक्क्यांसह चाचण्या करून तारे देते. त्यांच्या यादीत गुणांचा आकडा जितका लहान तितकं हेल्मेट चांगलं. ती यादी किंमत शेजारी ठेवून चाळली की किंमत आणि गुण हातात हात घालून चालत नाहीत, हे लगेच लक्षात येतं.

स्वस्तातल्या खरेदीत पाय घसरतो तो मुख्यतः चिठ्ठी न वाचल्यामुळे. हेल्मेट उलटं धरा, अस्तर थोडं बाजूला सारा. आत फोमवर किंवा कवचाच्या कडेला एक स्टिकर असतो. त्यावर सीई ही खूण, मानकाचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव, सेंटीमीटरमध्ये माप, ग्रॅममध्ये वजन आणि बनवल्याचा महिना-वर्ष हवं. क्रमांक अंकाअंकाने वाचा. ‘ईएन १०७७’ म्हणजे बर्फावरचं. ‘ईएन १०७८’ म्हणजे सायकल आणि स्केटिंगचं. ‘ईएन १२४९२’ म्हणजे गिर्यारोहणाचं, जे वरून पडणाऱ्या दगडांच्या विचाराने बनलेलं असतं. ऑनलाइन बाजारात स्की हेल्मेट म्हणून कानांवर लोकरीच्या पट्ट्या लावलेलं आणि आत १०७८ लिहिलेलं हेल्मेट सर्रास दिसतं. एका आकड्याचा फरक, पण ते बर्फासाठी तपासलेलं नाही. एकच हेल्मेट दोन्ही चाचण्या पास झालेलं असू शकतं, तेव्हा आत दोन्ही क्रमांक असतात आणि ते चालतं. चिठ्ठीचा फोटोच दिला नसेल, नुसतं ‘सर्टिफाइड’ असं मोघम लिहिलं असेल, तर ते स्वस्त असलं तरी पुढे जावं.

१०७७ च्या पुढे ए किंवा बी असं अक्षर असतं. ‘ए’ वर्गात कानांसकट जास्त भाग कडक कवचाखाली येतो आणि टोकदार वस्तूची चाचणी दुप्पट उंचीवरून होते. ‘बी’ वर्गात कान मऊ पट्ट्यांनी झाकलेले असतात, ऐकू जास्त येतं आणि हवा खेळती राहते. रिसॉर्टवर ‘बी’ पुरतं. मागून येणाऱ्याची हाक आणि स्कीची खरखर ऐकू येणं हेही संरक्षणच आहे. ‘एफआयएस आरएच २०१३’ असा, आंतरराष्ट्रीय स्की संघटनेच्या मानकाचा स्टिकर स्पर्धेच्या हेल्मेटांवर असतो. ती ताशी साडेचोवीस किलोमीटरवर तपासलेली, कडक कानांची, जड आणि महाग असतात. शर्यतीला उतरणार नसाल तर तो स्टिकर शोधू नका.

कवच दोन तऱ्हांचं. इन-मोल्डमध्ये पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं पातळ कवच फोमबरोबरच साच्यात जोडलेलं असतं. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, पण गाडीच्या डिकीत किंवा लॉकरमध्ये आपटून लवकर पोचे येतात. हार्ड शेलमध्ये एबीएस या टणक प्लास्टिकचं जाड कवच वेगळं बनवून फोमवर चिकटवतात. वजन शंभरेक ग्रॅमने जास्त, पण रोजची आदळआपट सोसतं. कमी किमतीत बहुतेक हेच मिळतं आणि वर्षाला आठ-दहा दिवस स्की करणाऱ्याला ते सोयीचंच आहे. जायरोचं लेज, स्मिथचं होल्ट ही या जातीची, आपापल्या कंपनीच्या यादीत खालच्या किमतीला असणारी हेल्मेटं. युरोपात डेकॅथलॉनचं वेडझे त्याहून खाली सुरू होतं.

आता माप. खरेदीतला सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

शिंप्याची कापडी टेप घ्या. भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटीमीटर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर आलेला असतो त्यावरून टेप फिरवा. तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. बहुतेक कंपन्यांत ५१ ते ५५ सेंटीमीटर स्मॉल, ५५ ते ५९ मीडियम, ५९ ते ६२-६३ लार्ज. पण हे कोष्टक कंपनीगणिक अर्ध्या-एक सेंटीमीटरने इकडेतिकडे होतं, म्हणून ‘मला मीडियम येतं’ असं दुचाकीच्या हेल्मेटच्या अनुभवावरून ठरवू नये. नेमके ५५ किंवा ५९ आले, तर दोन्ही मापं घालून बघण्याला पर्याय नाही.

घेर सांगतो किती मोठं, पण आकार सांगत नाही. ५७ सेंटीमीटरचं डोकं वरून पाहिलं तर गोल असू शकतं, नाहीतर पुढेमागे लांबट. हेल्मेट घालून मागची, घट्ट-सैल करायची चकती पूर्ण ढिली ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. कपाळाच्या मध्यभागी टोचतंय आणि कानशिलांवर बोट शिरेल इतकी फट आहे, तर तुमचं डोकं लांबट आणि हेल्मेट गोल. कानशिलं दाबली जाताहेत आणि कपाळापुढे पोकळी आहे, तर उलट. अशा वेळी मोठं माप घेऊन काम भागवायचा मोह होतो. तो आवरावा. मोठ्या मापात टोचणं थांबतं, पण दुसऱ्या बाजूची पोकळी वाढते. कंपनी बदलावी. काही कंपन्या ‘राउंड फिट’ किंवा ‘एशियन फिट’ नावाने गोल डोक्यासाठी वेगळा साचा काढतात, तोही बघावा.

आकार जुळला की हेल्मेट सरळ, कपाळ झाकेल असं ठेवा. पुढची कड भुवयांच्या वर बोटभर. मागे ढकलून टोपीसारखं घालणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक: पुढे तोंडावर पडलं तर उघडं कपाळच आधी टेकतं. चकती फिरवून घट्ट करा, पण हनुवटीचा पट्टा अजून लावू नका. आता डोकं जोरात होकारार्थी आणि नकारार्थी हलवा. हेल्मेटबरोबर भुवयांची कातडी हलली पाहिजे. कातडी जागच्या जागी आणि हेल्मेट सरकतंय, म्हणजे ते मोठं आहे. चकती ही शेवटची बारीक जुळणी करण्यासाठी असते. चुकीचं माप ती बरोबर करत नाही, कारण ती डोकं फक्त मागून पुढे ढकलते, बाजूच्या फटी तशाच राहतात. चकती शेवटच्या खाचेपर्यंत आवळावी लागली, तर माप एकाने उतरवा.

मग पट्टा. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळावेत आणि हनुवटीखाली एक, फार तर दोन बोटं जातील इतकी जागा राहावी. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. शेवटी मागची कड धरून हेल्मेट पुढे लोटा, जणू डोक्यावरून काढायचंय. डोळ्यांवर आलं तर एकतर पट्टा ढिला आहे, नाहीतर हेल्मेट तुमचं नाही. हे सगळं झाल्यावर दुकानात दहा मिनिटं तसंच घालून फिरा. दाब कुठे एकवटला असेल तर सात-आठ मिनिटांनी ठणका लागतो, आरशासमोरच्या एका मिनिटात तो कळत नाही. काढल्यावर कपाळ बघा: सगळीकडे सारखी फिकट लाली चांगली, एकाच जागी गडद लाल ठसा म्हणजे दुपारपर्यंत डोकेदुखी.

सैलपणाबद्दल इतका आग्रह कशासाठी, तर मघाचा हिशेब आठवा. डोकं थांबवायला आपल्याकडे दोन-अडीच सेंटीमीटर आहेत. कवटी आणि अस्तर यांच्यात एक सेंटीमीटरची पोकळी असेल तर हेल्मेट आधी बर्फावर थांबतं, डोकं मागाहून येऊन फोमवर आदळतं. आणि सैल हेल्मेट पहिल्या टप्प्यातच मागे सरकून कपाळ उघडं टाकतं. प्रयोगशाळेतल्या धातूच्या डोक्यावर ते मापात बसवलेलं होतं. तिथले गुण तुमच्या डोक्यावर लागू व्हायचे, तर ते तसंच बसायला हवं.

आपल्याकडे थंडी म्हटलं की माकडटोपी किंवा जाड लोकरीची कानटोपी आधी बाहेर येते. ती हेल्मेटखाली घालू नका. जाड लोकर दबते, सरकते आणि वर सांगितलेली पोकळी आपल्या हाताने तयार होते. फोम स्वतःच ऊब धरतो. जानेवारीत गुलमर्गला गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) वरच्या टप्प्यावर, अफरवट शिखराकडे, वारा सुटला तर पातळ पॉलिस्टरची बलाक्लावा (डोकं, चेहरा आणि मान झाकणारी टोपी) किंवा एकेरी लाइनर टोपी पुरते. ती घालणार असाल तर दुकानातही तीच घालून माप बघा.

केसांचंही तसंच. अंबाडा किंवा उंच बांधलेली पोनी हेल्मेटला मागून उचलते. सैल वेणी मानेवर, हेल्मेटच्या कडेखाली येईल अशी घालावी. क्लिप, पिना, क्लच काहीही आत नको: आपटल्यावर तेच टोक आत जातं. डोक्याला खोबरेल लावून स्कीला जाऊ नये असंही मी सांगेन. तेल अस्तरात मुरतं, थंडीत गोठतं, गादी चिकट आणि कडक होते. अस्तर बहुतेक हेल्मेटांत वेलक्रोने निघतं, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावं. कवच मात्र फक्त ओल्या फडक्याने पुसावं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांनी पॉलिकार्बोनेटला न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि फोम तर विरघळतो.

गॉगल असेल तर हेल्मेट घ्यायला जाताना सोबत न्या. हेल्मेटची पुढची कड आणि गॉगलची वरची चौकट यांत फट राहिली तर कपाळाची ती पट्टी दिवसभर वाऱ्यात गारठते. उलट हेल्मेट गॉगलला खाली ढकलत असेल तर नाक दबतं आणि श्वास कोंडतो. गॉगलच्या वरच्या भोकांना हेल्मेटच्या पुढच्या झरोक्यांची हवा मिळाली की काच धुरकटत नाही, म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटून पण न दाबता बसायला हवीत. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यावरून बसणारा ओटीजी गॉगल घेऊन, चष्मा घालूनच, हे सगळं तपासावं: कानपट्टी चष्म्याची दांडी कानाच्या वर दाबते आणि ती वेदना तासाभराने असह्य होते. पुढे काच जोडलेली व्हायझरची हेल्मेटं दिसायला सोपी वाटतात, पण कमी किमतीत त्यांची काच आणि बिजागरं दोन्ही कमअस्सल निघतात. ती टाळावीत.

झरोक्यांबद्दल थोडकंच. उघडझाप करता येणारे असले तर एप्रिलच्या उन्हात बरे वाटतात, नसले तर बिघडत नाही. हेडफोनचे खिसे, कॅमेऱ्याची बैठक यांसाठी जास्तीचा पैसा देऊ नका.

मुलांसाठी कपडे घेताना आपण सहज म्हणतो, वाढत्या अंगाचे घ्या. पुढच्या दिवाळीलाही चालतील. स्वेटरला हे शहाणपण लागू पडतं, हेल्मेटला नाही. मोठं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर पहिल्या पडण्यातच तिरकं होतं, पट्टा गळ्यावर येतो. मुलांच्या हेल्मेटांत चकतीने चार-पाच सेंटीमीटरचा फरक सामावतो, दोन-तीन हंगाम तेवढ्यात निघतात. हंगामात पाच-सहाच दिवस जाणार असतील तर मुलांसाठी भाड्याने घेणं जास्त परवडतं.

भाड्याचा हिशेब मोठ्यांनीही मांडावा. आल्प्समध्ये हेल्मेटचं भाडं दिवसाला साधारण तीन ते सहा युरो, अमेरिकेत दहा ते पंधरा डॉलर. म्हणजे अमेरिकेत एका आठवड्याच्या भाड्यात नवीन हेल्मेट येतं. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर भाडं ठीक, पण भाड्याच्या हेल्मेटने याआधी किती मार खाल्ला हे बाहेरून दिसत नाही. अस्तर बाजूला करून फोमवर टिचकीएवढीही भेग, चपटा झालेला भाग किंवा दाबल्यावर मऊ लागणारी जागा दिसली तर दुसरं मागा. गुलमर्गला किंवा औलीला भाड्याचा साठा मापांच्या बाबतीत तोकडा पडू शकतो. मोठं किंवा लहान डोकं असणाऱ्यांनी पुण्या-मुंबईतून निघतानाच स्वतःचं घेऊन जावं. परदेशातून कोणी येणार असेल तर माप कळवून मागवता येतं, पण घेर आणि आकार दोन्ही कळवा, आणि बदलून मिळण्याची मुदत विचारून ठेवा.

पैसे वाचवण्याचा खरा काळ म्हणजे मार्च-एप्रिल. नवीन मॉडेलं शरद ऋतूत येतात, त्यामुळे हंगाम संपताना चालू वर्षाचे रंग दुकानं मोठ्या सवलतीत काढतात. फोम तोच, चाचणी तीच, फक्त रंग मागच्या वर्षीचा. आतल्या चिठ्ठीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल आणि हेल्मेट खोक्यात पडून असेल तर बिनधास्त घ्यावं. वापरलेलं मात्र, अगदी मित्राचं असलं तरी, त्याचा पूर्ण इतिहास माहीत असल्याखेरीज घेऊ नये.

घरात दुचाकीचं हेल्मेट आहे, तेच का नको, असा प्रश्न पहिल्यांदा जाणारे मनापासून विचारतात. आयएसआय खुणेचं ते हेल्मेट रस्त्यासाठी उत्तम आहे. पण त्याचं वजन सव्वा ते दीड किलोपर्यंत जातं, पडताना तेवढा भार मानेवर येतो. कान पूर्ण बंद होतात, बाजूचं दिसत नाही आणि थंडीत श्वासाने काच पांढरी होते. पुण्यात हेल्मेटसक्तीवरून इतकी वर्षं वाद झाले, त्यात ऐकू येत नाही, मान अवघडते, घाम येतो या तक्रारी सतत पुढे आल्या. स्कीच्या हेल्मेटात या तिन्हींची सोय केलेली असते: वजन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कान मऊ, हवेला वाट. म्हणूनच असेल, डोंगरावर हेल्मेट फार भांडण न होता रुजलं. अमेरिकेच्या स्की रिसॉर्टांच्या संघटनेच्या पाहणीत २००२-०३ च्या हंगामात २५ टक्के लोक हेल्मेट घालत, आता ते प्रमाण ८० टक्क्यांच्या वर आहे. इटलीत १४ वर्षांखालच्या मुलांना २००५ पासून, १८ खालच्यांना २०२२ पासून आणि २०२५-२६ च्या हंगामापासून सगळ्यांनाच ते सक्तीचं झालं. तिकडे जाणाऱ्यांच्या चिठ्ठीवर १०७७ हवाच.

प्रवासात हेल्मेट केबिन बॅगेला अडकवून न्यावं. चेक-इनच्या सामानात टाकायचंच झालं, तर आत मोजे, हातमोजे ठासून भरा आणि भोवती जॅकेट गुंडाळा, बुटांच्या कडक टाचा त्याच्यापासून दूर ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत महिनोन् महिने ठेवू नका: उष्णतेने फोम आकसतो, गोंद सुटतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात अस्तराला बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता सुती पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर. वापर नेहमीचा असेल तर तीन ते पाच वर्षांनी बदलावं.

आणि डोकं एकदा खरोखर आपटलं, तर त्या हेल्मेटचं काम झालं. चिरडलेला फोम परत फुगत नाही. कवच लवचीक असल्यामुळे पूर्ववत होतं, वरून काहीच झालेलं दिसत नाही, पण आत त्या जागी दोन सेंटीमीटरचे सव्वा उरलेले असू शकतात. आधी माणसाकडे बघा: मळमळ, गरगरणं, वाढती डोकेदुखी, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यांतलं काहीही असेल तर त्या दिवशीचं स्कीइंग बंद आणि डॉक्टर. बरं वाटतंय असं तो म्हणत असला, तरी पहिले चोवीस तास त्याला एकट्याला सोडू नये. मग हेल्मेट. ते देऊन टाकू नका, मुलांना खेळायला ठेवू नका. कात्रीने दोन्ही पट्टे मुळापासून कापा आणि मगच कचऱ्यात टाका, म्हणजे दुसरं कोणी उचलून ते डोक्यावर चढवणार नाही.